ठिपकी कोणाची

गल्लीत मला माझ्या पाठीमागे 'कडक इस्त्री' म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण मला माहीत आहे. आमची लॉन्ड्री आहे, म्हणजे माझी आहे. खाली दुकान, वर आम्ही राहतो. तीन मशिनं, एक वाफेची इस्त्री आणि हँगरांच्या दोन रांगा. डाग निघणार असेल तर निघेल म्हणते, नसेल तर नाही म्हणते, आणि कोणी हुज्जत घालायला लागलं तर त्याचा कपडा त्याच्या हातात परत देते. यात कडक काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आमचे हे मात्र मऊ. हे बेकरीत भट्टीवर असतात. पहाटे जातात, दुपारी येतात, आणि येतात तेव्हा अंगाला ताज्या पावाचा आणि लोण्याचा वास असतो. एवढंच यांचं कर्तृत्व. तेवढ्यावर सगळं जग यांच्यावर खूश. शेजारची पोरं जिन्यात यांच्या पायांना बिलगतात. माझी सख्खी आई राहायला आली की जावयाने खाल्लं का ते आधी विचारते. मी खाल्लं का हे विचारायचं तिच्या लक्षातच येत नाही. आणि आमची मुलगी, जिला दोन वर्षं एका कडेवर घेऊन मी दुसऱ्या हाताने इस्त्री केली, ती नर्सिंग शिकायला दूर गेली तेव्हा स्टेशनवर बापाच्या गळ्यात पडून हमसून रडली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, शर्ट छान झालेत हं सगळे."

रविवारी तिचा फोन आधी मला येतो, हे खरं. पाच मिनिटं बोलते, गुडघ्यांची चौकशी करते, मग बाबांना दे म्हणते. बाबांशी पाऊण तास खिदळणं चालतं आणि मी शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या मोज्यांच्या जोड्या लावते. कान तिकडेच असतात.

माझ्या पोटात दुखत होतं, सरळ सांगते. ज्याचं पोट दुखतं तो ओवा मागतो. मी मांजर मागितलं. घरात एक तरी जीव असा हवा होता, जो दार उघडल्यावर आधी माझ्याकडे येईल.

निवृत्त झालेल्या एक नर्सबाई माझ्याकडे पडदे धुवायला देतात. त्यांनी दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता की मांजराची पिल्लं आहेत, चांगल्या घरी द्यायची आहेत. फुकट मात्र देत नाहीत. फुकटचं मांजर लोक दोन महिन्यांनी रस्त्यावर सोडतात, पैसे मोजले की जरा जपतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या घरी गेले तर पिल्लू दाखवायच्या आधी माझीच तपासणी झाली. घरात कोण कोण, खिडक्यांना जाळी आहे का, दिवसा कोण असतं, आधी कधी मांजर पाळलंय का. मुलगी बघायला आले होते की दाखवायला, तेच कळेना.

चार पिल्लं होती. तीन धावत आली आणि माझ्या चपलेशी खेळायला लागली. चौथं मागेच बसून राहिलं. पांढरंशुभ्र, आणि पाठीवर इस्त्री जरा जास्त टेकल्यावर उमटतो तसा तपकिरी ठिपका. ते कोणाकडेच गेलं नव्हतं, म्हणून मला ते हवंसं वाटलं. जन्मभर दुसऱ्यांचे डाग काढले, हा एक डाग मी पैसे मोजून घरी आणला. नाव तिथेच ठरलं, ठिपकी.

निघताना नर्सबाईंनी सूचना दिल्या. पहिला आठवडा एकाच छोट्या खोलीत ठेवायची. खायला एकाच माणसाने द्यायचं. हात घालून ओढून काढायची नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि तिला आपणहून येऊ द्यायचं. तिच्या खोक्यात आपण दोन-तीन दिवस अंगात घातलेला कपडा ठेवायचा. "मांजर घरात सगळ्यांचं असतं, पण झोपायला एकाकडेच जातं," त्या म्हणाल्या. आणि पंधरा दिवसांत नाही जमलं तर परत आणून द्यायचं, राग येणार नाही. मी मनात म्हटलं, परत कशाला आणू.

आमच्या मागच्या छोट्या खोलीत तिची सोय केली. खरं तर ती यांची खोली. मैदा घरभर उडू नये म्हणून यांचे कामाचे कपडे मी तिथे खुंटीला लावायला लावते. यांना बजावलं की आठवडाभर आत पाऊल टाकायचं नाही, कपडे बाहेर बदलायचे, पिल्लाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे म्हणाले, "बरं." यांचं प्रत्येक गोष्टीला 'बरं' असतं. उद्या मी म्हटलं छपरावर जाऊन बसा, तरी बरं म्हणतील आणि जाताना खालच्या माणसांना पाव वाटत जातील.

मग मी माझा राखाडी स्वेटर घेतला. चांगला तीन दिवस अंगात होता. खोक्यात ठेवणार, तर बाहीला चहाचा डाग दिसला, कॉलर मळकट. घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुणीला असा कपडा अंथरायचा म्हणजे काय. मशीनमध्ये टाकला, वाफ दिली, चार घड्या घालून खोक्यात ठेवला. नवा वाटत होता.

ठिपकी कपाटाखाली शिरली ती शिरलीच. मी बशी ठेवायचे, पाठ करून बसायचे. एक तास, दीड तास. खाली दुकानात घंटा वाजली की उठायचे, गिऱ्हाईक करायचे, परत येऊन बसायचे. तिसऱ्या दिवसापर्यंत माझी कंबर माझ्याशी बोलेनाशी झाली. बशी रिकामी व्हायची, पण मी तिथे नसताना. स्वेटरच्या घड्या तशाच्या तशा.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर कपाटाखाली कोणी नाही. खुंटीवरचा यांचा एप्रन खाली पडला होता. मला उचलून धुवायला न्यायचा राहिला होता. एप्रन मैद्याने पांढरा, आत ठिपकी पांढरी, दिसत होता तेवढा पाठीवरचा डाग. एप्रनच्या खिशात तोंड खुपसून ती गाढ झोपली होती, आणि घोरत होती. एवढंसं पिल्लू, पण घोरत होती.

संध्याकाळी हे नुसते दारावरून चालले होते. बाईसाहेब शेपटी उभी करून बाहेर आल्या, तडक यांच्या पँटवर चढल्या आणि गुडघ्याशी जाऊन लोंबकळल्या. तीन दिवस जमिनीवर मी बसले आणि आयत्या पिठावर रेघोट्या यांनी मारल्या. हे दोन्ही हात वर करून उभे, पोलिसांनी धरल्यासारखे. म्हणाले, मी काही केलं नाही. तेच तर, हे कधीच काही करत नाहीत.

मी नर्सबाईंना फोन लावला. त्यांनी एकेक विचारलं. खोली, बशी, पाठ करून बसणं, सगळं बरोबर. अंगातला कपडा ठेवलात? ठेवला ना, म्हटलं, आणि स्वच्छ धुऊन ठेवला. त्या बाई हसायलाच लागल्या. हसता हसता म्हणाल्या, "अहो, धुतलात? मग तिला वास कोणाचा यायचा, साबणाचा?"

मी फोन ठेवला. पंचवीस वर्षं या हातांनी एकही मळका कपडा तसाच पुढे जाऊ दिलेला नाही. गिऱ्हाइकाचा गेला नाही, तो माझ्या मांजराचा कसा जाईल. चूक माझी होती, हे मला कळत होतं, म्हणून तर राग जास्त आला.

मग मी इरेला पेटले. तोच स्वेटर अंगात घातला आणि दहा-बारा दिवस काढला नाही. लॉन्ड्रीवाली मी, आणि बाहीवर चहा, पोटावर स्टार्च, अशी गल्ल्यावर उभी. शाळेतल्या बाई ब्लाउज न्यायला आल्या, त्यांनी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हटलं. एप्रनला घरात बंदी केली, तो बेकरीतच ठेवून यायचा. पण नुसत्या एप्रनने काय होतं. लोणी यांच्या केसांत होतं, नखांत होतं. जिन्यावर यांचं पाऊल वाजलं की ठिपकी दाराशी जाऊन बसायची. तिला दूध मी देत होते, वाळू मी बदलत होते, डोळ्यांच्या कडा कोमट पाण्याने मी पुसत होते. खाऊन झालं की तोंड पुसायची आणि यांच्या वाटेकडे डोळे लावायची. घरात दुसरी मुलगी वाढत होती.

हे बिचारे तिला हात लावत नसत, हे कबूल करते. मांडीवर चढली की उचलून माझ्या मांडीवर ठेवायचे. त्याचा तर मला जास्तच संताप यायचा. उरलेलं जेवण वाढल्यासारखं वाटायचं.

दहाव्या दिवशी चहा घेताना तेच झालं. यांनी तिला उचललं, माझ्याकडे ठेवलं, ती माझ्या मांडीवरून उडी मारून परत यांच्याकडे गेली. माझा कप मी इतक्या जोरात ठेवला की बशीचा टवका उडाला.

"पोरगी तुमची," मी म्हटलं, "जिन्यातली पोरं तुमची, माझी जन्मदाती आई तुमची. काही म्हटलं मी आजवर? एक मांजर मी माझ्यासाठी आणलं होतं. तेही तुम्हालाच लागतं?"

यांनी आपला कप खाली ठेवला. बरंसुद्धा म्हणाले नाहीत.

मी सांगितलं की पंधरावा दिवस रविवारी आहे. तोवर ती माझ्याकडे आली नाही तर मी तिला नर्सबाईंकडे देऊन येणार, आणि दुसरं आणणार नाही. ठिपकी यांच्या मांडीवर पाय चाटत बसली होती. यांनी तिला खाली ठेवलं आणि उठून गॅलरीत गेले.

मी ते रागाच्या भरात म्हटलं नव्हतं. खरंच देणार होते. दुसऱ्याच्या मांडीवरचं सुख आपल्या घरात बघत बसण्यापेक्षा घर रिकामं बरं, असं माझं मत होतं, आणि नर्सबाईंच्या ज्या टोपलीतून तिला आणलं होतं, ती मी कपाटावरून काढूनही ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी हे तासभर उशिरा आले. बेकरीत काम वाढलंय म्हणाले. ठिपकी दाराशी होती. तिने यांच्या पँटला नाक लावलं, पुन्हा लावलं, आणि बुचकळ्यात पडल्यासारखी मागे सरकली. हे तिच्याकडे न बघता आत गेले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. ती यांच्या मागून गेली तर हे पाय आपटून खोलीचं दार लावून घ्यायचे. दाराबाहेर ती थोडा वेळ ओरडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

शनिवारी, चौदाव्या दिवशी, मी खुर्चीत बसून एका कोटाचं अस्तर टाचत होते. ठिपकी आली, माझ्या पायाशी बसली, स्वेटरच्या लोंबणाऱ्या टोकाचा वास घेतला. सुई धरलेला हात मी तसाच हवेत ठेवला. ती चढली, दोनदा गोल फिरली, आणि मांडीवर अंगाचं वेटोळं करून झोपली. तास-दीड तास मी हललेच नाही. खाली दुकानाची घंटा वाजत होती. वाजू दे म्हटलं. आपल्या मांडीवर कोणी घोरतं तेव्हा काय वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. यांना हे सगळं रोजचं होतं, हेही कळलं.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा पाच मिनिटांची पंधरा मिनिटं झाली. मीच बोलत होते. कशी आली, कशी फिरली, कशी झोपली. नर्सबाईंनाही कळवलं की टोपली परत येणार नाही. सोमवारी स्वेटर धुतला. ठिपकी तरीही आली, मंगळवारीही आली, आणि मी गल्लीतून अशी चालायला लागले की कोणी म्हणावं हिला लॉटरी लागली.

बेकरीचे एप्रन आणि टेबलावरचे कपडे माझ्याकडेच धुवायला असतात. गठ्ठा नेहमी हेच नेतात, पण त्या बुधवारी घरी विसरून गेले, म्हणून दुपारी मी घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका मागे आहेत. मग गठ्ठा घेता घेता हसून म्हणाली, "काकू, तुमच्या मांजरीने काकांना पार कामाला लावलंय. सुट्टी झाली की तासभर अंग घासत असतात. मांजर बायकोचं आहे म्हणतात, तिला माझा वास यायला नको."

मी मागच्या अंगणात गेले, पण दारातच थांबले. हे नळाशी पाठमोरे बसले होते. माझ्याच दुकानातली साबणाची पिवळी वडी हातात होती, जिने मी ग्रीसचे डाग काढते. जिला हात लावताना मी रबरी मोजे घालते. त्या वडीने हे कोपरापासून खाली घासत होते, मग नखं, मग मान. चेहऱ्याला पाणी लागलं की तोंड वेडंवाकडं करत होते. शेजारी मोबाईल ठेवलेला, आणि त्याच्या पडद्यावर ठिपकी. कधी काढला होता फोटो कोण जाणे. मध्येच ओला हात झटकून यांनी पडद्याकडे बघितलं आणि परत घासायला लागले.

मी हाक न मारता निघून आले.

तुम्हाला वाटेल माझं मन भरून आलं. नाही. मी घरापर्यंत चिडून चालले. म्हणजे हेही यांनीच दिलं तर. मी जिंकले नव्हतेच. समोरचा उठून गेला होता आणि मी एकटी पटाशी टाळ्या वाजवत बसले होते. मांडीवरचा तो शनिवारही यांचाच होता. चांगुलपणातसुद्धा हा माणूस मला पहिला नंबर मिळू देत नाही. आणि मी मैद्याबद्दल कुरकुरते, तर मला कडक म्हणतात.

हे घरी आले. ठिपकीने हुंगलं, मान फिरवली आणि माझ्याकडे आली. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पेपर उघडून वाचू लागले. हातावर माझी नजर गेली आणि तिथेच राहिली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. असे हात घेऊन हा माणूस रोज भट्टीसमोर उभा राहत होता. पंधरा दिवस मी एका मांजराच्या मिशा मोजल्या आणि नवऱ्याचे हात मला दिसले नाहीत.

मी ठिपकीला खाली ठेवलं, मलमाची डबी आणली आणि यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. हात द्या म्हटलं. यांनी दिला. मी बेकरीत आले होते एवढंच सांगितलं. यांचा चेहरा एखादी चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

मलम लावता लावता एक शंका आली, आणि ती गिळायची माझी सवय नाही.

"रविवारी पोरीचा फोन आधी मला येतो. तेही तुम्हीच सांगितलंय?"

यांना खोटं बोलता येत नाही, हा यांचा आणखी एक छळ. यांनी मान खिडकीकडे वळवली.

"पहिलं वर्षभर सांगावं लागलं," हे म्हणाले. "आता आपणहून करते."

मी खाली मान घालून तेच बोट चोळत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं की कशाचं ते माझं मला सांगता येईना. ठिपकी दोन खुर्च्यांच्या मध्ये बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती.

"उद्यापासून तो साबण बंद," मी म्हटलं.

"मग ती माझ्याकडे येईल."

"येऊ दे."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," मी म्हटलं. "पण येऊ दे."

आणि यांना दुसरा हात पुढे करायला सांगितला.